गुण किती पडले ते कळतं, येतं किती ते कळत नाही

प्रति,
परकीय भाषा अभ्यास मंडळांचे सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

स. न. वि. वि.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, रात्री साडेअकराच्या सुमाराला, एका माजी विद्यार्थ्याने व्हॉट्सॲपवर एका पत्राचा फोटो पाठवला. तो सध्या जर्मनीत एमएस करतोय. पत्र आरोग्य विम्याच्या कार्यालयातून आलेलं, दोन पानी, बारीक टाइपातलं. खाली त्याचा प्रश्न: "मॅडम, हे विरोधाभास काय प्रकरण आहे?"

मला दोन मिनिटं काही उमगेना. मग पत्र वाचलं. तिकडे अशा कार्यालयाचा निर्णय पटला नाही तर महिन्याभरात लेखी हरकत घेता येते. त्या हरकतीला जर्मनमध्ये 'विडरश्प्रुख' म्हणतात. कुणाच्या बोलण्यात विसंगती आढळली तर तिलाही 'विडरश्प्रुख'च म्हणतात. फोनने भाषांतर करताना नेमका हा दुसरा अर्थ उचलला. पोराला वाटलं, आपल्या कागदपत्रांत कुठेतरी विसंगती निघालीये, बघू सावकाश. सावकाश म्हणजे पाच आठवडे. मुदत केव्हाच उलटली होती, आणि भाषा कळली नाही हे कारण तिथे सहसा चालत नाही.

या मुलाकडे बी-वन पातळीचं प्रमाणपत्र आहे (ए-वन ते सी-टू या सहा पायऱ्यांतली तिसरी). शिवाय विद्यापीठाचा डिप्लोमा, आणि त्यात सगळ्यात वरची 'ओ' श्रेणी. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण ही काही एकाच विद्यापीठाची गोष्ट नाही. मुलगा लबाड नाही. बोलतो झकास. बेकरीत, ट्रॅममध्ये, रूममेटशी भांडताना त्याचं कुठे अडत नाही. तीन ओळींचं एक वाक्य मात्र त्याला वाचता आलं नाही, आणि हे वाचता येत नाही हे पत्र येईपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. विद्यापीठाला नाही, मला नाही, खुद्द त्यालाही नाही.

म्हणून हे पत्र.

मी 1993 पासून पुण्यात जर्मन शिकवते. कॉलेजात शिकवलं, संध्याकाळचे वर्ग घेतले, मधली काही वर्षं कंपन्यांमध्ये जाऊन इंजिनिअर लोकांना शिकवलं. पहिल्या वर्षापासून एक सवय लागली. प्रत्येक बॅचला वर्षाच्या शेवटी मी एक श्रुतलेखन घालते. आठ वाक्यं, मीच रचलेली: एक बाई रविवारी आपल्या बहिणीकडे जाते, पाऊस पडत असतो, पत्ता सापडत नाही. त्यानंतर अर्धं पान स्वतःच्या मनाने लिहायचं, 'मी काल काय केलं'. परीक्षेत याचे गुण नसतात. कागद गोळा करते आणि फडताळात ठेवते. घरच्यांनी हे सगळं रद्दीत घालायचा आग्रह तीनदा धरला, तिन्ही वेळा मी बधले नाही.

या उन्हाळ्यात फडताळ आवरायला काढलं आणि चार दिवस तिथेच बसून राहिले.

जुने कागद बघताच ओळखू येतात. 'की' या अर्थाचा 'डास' हा शब्द जुन्या मुलांनी एस्त्सेट (ß) हे अक्षर घालून लिहिलाय. 1996 मध्ये जर्मन शुद्धलेखनाचे नियम बदलायचं ठरलं, 1998 पासून ते लागू झाले, आणि त्या शब्दातलं एस्त्सेट जाऊन दोन 'एस' आले. कागदावर तारीख नसली तरी त्या एका अक्षरावरून मला बॅच सांगता येते. जुन्यांचं शुद्धलेखन चोख. नामाचं पहिलं अक्षर मोठं, विभक्तीची रूपं बरोबर, क्रियापद जिथे हवं तिथे. संस्कृत घेऊन आलेल्या मुलांना तर मौजच वाटायची. रामः रामौ रामाः करून आठ विभक्ती आणि तीन वचनं पचवलेल्यांना जर्मनच्या चार विभक्ती आणि दोन वचनं म्हणजे शाळेची सहलच. 'डेर, डेस, डेम, डेन' ते पाढ्यासारखं म्हणायचे, आणि चालही पाढ्याचीच असायची.

त्यांना बोलता मात्र शून्य यायचं, हेही सांगते. आमच्याकडे एक टेपरेकॉर्डर आणि चार कॅसेट. त्यातली एक इतकी ताणली गेली होती की त्यातला दुकानदार प्रत्येक वाक्याला दमलेला वाटायचा. कित्येकांनी जर्मन माणसाचा आवाज असा तेवढाच ऐकलेला. माझी 'मी काल काय केलं'ची पानं वाचली तर व्याकरण निर्दोष, पण काल केलं काय? 'काल मी उठलो. मी चहा प्यायलो. मी पुस्तक वाचलं.' सगळ्यांनी तेच केलं होतं, कारण पाठ्यपुस्तकातल्या माणसाने तेच केलं होतं. त्या बॅचचा एक हुशार मुलगा पहिल्यांदा फ्रँकफर्टला उतरला तेव्हा विमानतळावर बाहेर पडायचा रस्ता विचारायला त्याला तोंडच उघडता आलं नाही. बाकांवर बसून त्याने समोरच्या सगळ्या पाट्या मनातल्या मनात भाषांतरित केल्या आणि त्या वाचत वाचत बाहेर पडला. हे त्याने मला हसत हसत सांगितलं होतं.

नव्या कागदांवर चित्र उलटं आहे. 'मी काल काय केलं' वाचायला मजा येते. कुणी लोणावळ्याला जाऊन पावसात अडकलंय, कुणाचं आईशी वाजलंय, कुणी रात्रभर वेबसीरिज बघून सकाळचं लेक्चर बुडवलंय (लेक्चर माझंच). शब्द धडाधड आलेत, जर्मन मुलं बोलताना म्हणतात तसे. रूपं मात्र हवेत. विशेषणाचे प्रत्यय नशिबावर सोडलेले. नामाचं मोठं अक्षर गायब, कारण फोनवर ते आपोआप पडतं. वर्गात ही मुलं माझ्याशी सुरुवातीपासून बोलतात, चुकत बोलतात, लाजत नाहीत. मला हे मनापासून आवडतं. 1993 च्या वर्गात पहिलं वाक्य बाहेर काढायला मला ऑक्टोबर उजाडायचा.

म्हणजे मुलं पुढे गेली की मागे? तुमच्या बैठकींत यावर दोन्ही बाजूंनी बोलणारी मंडळी असतील. एकजण म्हणेल दर्जा घसरला, दुसरा म्हणेल आता मुलं बोलतात तरी. दोघंही स्वतःच्या वर्गावरून बोलत असतील, जशी मी माझ्या फडताळावरून बोलतेय. विद्यापीठाजवळ याबद्दल काय आहे? निकालपत्रकं आहेत. निकालपत्रकावरून कुणाला किती गुण पडले ते कळतं. कुणाला किती येतं ते कळत नाही.

हे गुण कसे पडतात, त्याचा एक नमुना. काही वर्षांपूर्वी एका परीक्षेचे पेपर तपासत होते. प्रश्न होता उताऱ्याचं भाषांतर. उतारा पाठ्यपुस्तकातलाच, सातव्या धड्यातला. एका विद्यार्थ्याने त्याखाली सुरेख भाषांतर लिहिलं होतं, एकही चूक नाही. फक्त ते नवव्या धड्याचं होतं. बाजारात धड्यांच्या भाषांतरांची गाइडं मिळतात, त्याने पाठ केलं होतं, आणि दोन्ही धड्यांत आगगाडी असल्यामुळे त्याची गल्लत झाली. त्याला मी शून्य दिलं. पण त्याच गठ्ठ्यात ज्यांनी सातव्या धड्याचं भाषांतर तसंच पाठ करून लिहिलं, त्यांना दहापैकी दहा दिले. देणं भागच होतं.

अकरावी-बारावीला तर ही भाषा 'स्कोरिंग' म्हणूनच घेतात. मराठीत सत्तर पडतील, जर्मनमध्ये नव्वद. पालक प्रवेशाच्या वेळी उघड विचारतात, "फ्रेंच जास्त स्कोरिंग की जर्मन?" त्यांचा दोष नाही. तीच मुलं पुढे तुमच्याकडे येतात, 'दोन वर्षं जर्मन झालंय' म्हणून थेट वरच्या वर्गात बसतात, आणि पहिल्याच आठवड्यात कळतं की झालंय ते गाइड.

भाषा कशासाठी शिकायची ते काळाप्रमाणे बदलतं, आणि शिकणाऱ्याला काय येतं ते त्या 'कशासाठी'वर ठरतं. पुण्यात जर्मन आली ती मुख्यतः वाचण्यासाठी. डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न हे जर्मन संस्कृत पंडित शिकवून गेले. पुढे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. स. सुकथनकर बर्लिनला शिकले, रा. ना. दांडेकर हायडलबर्गला, इरावती कर्वे बर्लिनला. संस्कृतवरचं निम्मं महत्त्वाचं लिखाण जर्मनमध्ये होतं, ते वाचल्यावाचून गत्यंतर नव्हतं. बुद्धचरित्रकार धर्मानंद कोसंबी तर 1929 मध्ये लेनिनग्राडला गेले तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते, आणि तरी रशियनच्या मागे लागले. माझ्या पिढीपर्यंत पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांत त्या वाचनपरंपरेचा थोडा वास होता. संध्याकाळच्या वर्गाला बँकेतले साहेब, निवृत्त प्राध्यापक, एखादा होमिओपॅथ असे लोक यायचे. होमिओपॅथ कशाला, तर मूळ ग्रंथ जर्मन म्हणून.

मग रशियनचं पाहा. सोव्हिएत पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की आम्ही मुलं गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकं पाच-दहा रुपयांत घेऊन यायचो. रशियन शिकलं तर शिष्यवृत्ती, मॉस्को, भाषांतराची कामं. 1991 च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला आणि वर्गांना गळती लागली. भाषा तीच, शिकवणारे तेच. रशियन शिकवणारी माझी एक ज्येष्ठ मैत्रीण त्या वर्षांत म्हणायची, शिष्यवृत्ती होती तोवर आमचं व्याकरण कुणाला अवघड नव्हतं.

आता जर्मनचे दिवस आहेत. कुशल कामगारांना येता यावं म्हणून जर्मनीने 2020 च्या मार्चपासून नवा कायदा लागू केला. 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारने बाडेन-व्यूर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. जर्मन विद्यापीठांत भारतीय विद्यार्थी 2023-24 मध्ये 50 हजारांच्या घरात पोचले आणि परदेशी विद्यार्थ्यांत पहिल्या क्रमांकावर गेले. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, बसचालक, सगळ्यांना 'बी-वन कधी होईल' एवढंच हवं आहे. सातारा, लातूर, नांदेडकडची मुलं पुण्यात खोली घेऊन आठ महिन्यांत बी-वन करायला येतात. त्यांची धडपड बघून मला भरून येतं. त्यांना मी काव्य शिकवायला बसले तर ती उठून जातील, आणि योग्यच करतील. पण त्यांनाही विम्याचं पत्र येणार आहे.

आता जरा थांबून एका गोष्टीवर लिहिते, कारण ती तुमच्या विषयपत्रिकेवर कधी आली असेल असं वाटत नाही.

माझ्या श्रुतलेखनातल्या बाईच्या बहिणीचं घर 47 नंबरचं आहे. जर्मनमध्ये 'झीबेन-उंड-फीर्त्सिश', शब्दशः सात-आणि-चाळीस. जुन्या कागदांवर सगळीकडे 47 आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांच्या कागदांवर 74 दिसू लागतं, आणि बॅचगणिक जास्त दिसतं. आधी मला वाटलं, माझं उच्चारण बिघडलं असेल. मग लक्षात आलं. 'सत्तेचाळीस' म्हणत वाढलेल्या मुलाच्या कानाला एकक आधी, दशक मागून हे नवं नाहीच. तो सात ऐकतो, चाळीस ऐकतो आणि हात 47 लिहितो. 'फॉर्टी सेव्हन' म्हणत वाढलेला मुलगा ऐकलं त्या क्रमाने लिहितो: आधी सात, मग चार. त्याला एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक विचारा, तो फोन काढेल.

आठवत असेल, 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि केवढा गदारोळ झाला. गंमत अशी की जर्मनीतही अगदी हीच मागणी करणारी एक संस्था आहे, आणि तिचं नावच 'त्स्वान्त्सिशआइन्स', म्हणजे 'वीस-एक'. आपल्या दोन भाषांची दुखणीसुद्धा एक आहेत.

आकडे हे एक उदाहरण झालं. 'मला हे पुस्तक आवडतं' याला जर्मन 'मिर गेफेल्ट डास बूख'. 'मिर' म्हणजे 'मला'. चतुर्थी, जशी आपली. 'मिर इस्ट काल्ट', मला थंडी वाजतेय. मराठीत विचार करणाऱ्याला हे समजावून सांगावंच लागत नाही, फक्त दाखवावं लागतं. इंग्रजीतून येणारा 'आय लाइक'चं 'इश गेफाले' करतो, म्हणजे 'मी आवडते' असं काहीतरी होऊन बसतं, आणि मग त्याला नियम शिकवावा लागतो. तीन लिंगांचं तेच. तो, ती, ते असलेल्या घरातून आलेल्या पोराला डेर, डी, डास पाहून धसका बसत नाही. जर्मनमध्ये 'मुलगी' नपुंसकलिंगी आहे हे ऐकून इंग्रजी माध्यमाची मुलं हसतात. आपल्याकडे 'ते पोरगं' आणि 'ते कार्टं' राजरोस आहेत की.

हा 'की'सुद्धा. 'तुझ्याकडे पैसे नाहीत ना?' 'आहेत की!' या 'की'ला जर्मनमध्ये 'डोख' म्हणतात. इंग्रजीत त्याला धड शब्द नाही, म्हणून इंग्रजीतून लिहिलेल्या व्याकरणांत त्यावर दीड पान खर्च होतं. मी फळ्यावर 'आहेत की' एवढंच लिहायचे आणि वर्ग पुढे जायचा. हल्ली ते लिहिलं की अर्धा वर्ग वळून बाजूच्याला विचारतो. माझी जपानी शिकवणारी मैत्रीण हेच सांगते. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी, शब्दयोगी मागून, आणि वाक्याच्या टोकाला 'ने', अगदी आपला 'ना'. 'आत्सुइ देसु ने', 'उकडतंय ना'. मराठी माध्यमातली मुलं तिच्याकडे पहिल्या दोन महिन्यांत पुढे असत. आता ती इंग्रजी वाक्याची मोडतोड करून जपानी जुळवणाऱ्यांना शिकवते.

तर माझा संशय असा, की परकीय भाषा शिकताना मुलांच्या हाताशी असलेली मराठीची शिडी आपण काढून घेतली आणि तिचा हिशेबही ठेवला नाही. संशय म्हणते, सिद्धान्त म्हणत नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं ऐकणं आणि बोलणं माझ्या जुन्या मुलांपेक्षा खूप सरस आहे, आणि ते कदाचित त्या इंग्रजीमुळेच असेल. कुणी मोजलं असतं तर आज मी फडताळातल्या कागदांवरून तर्क करत बसले नसते.

मोजता येतं का? येतं. 1967 मध्ये अमेरिकेत जॉन कॅरल या मानसशास्त्रज्ञाने हेच केलं. फ्रेंच, जर्मन, इटालियन, रशियन, स्पॅनिश हे मुख्य विषय घेऊन पदवीच्या उंबरठ्यावर आलेले जवळपास 2,800 विद्यार्थी, 200 च्या आसपास कॉलेजं, आणि सगळ्यांना सारख्या चाचण्या: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. निकाल कुणाला सुखावणारा नव्हता. परराष्ट्र खात्याच्या शून्य ते पाचच्या मोजपट्टीवर मधला विद्यार्थी बोलण्यात दोन आणि तीनच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे तीच भाषा मुख्य विषय म्हणून शिकून पदवी घेणाऱ्याला कामापुरतंही पुरतं बोलता येत नव्हतं. आणि मोठा फरक कशाने पडत होता, तर त्या देशात काही काळ राहिल्याने. हे छापून आलं म्हणून विभाग बंद पडले नाहीत. निदान बोलायला एक आकडा तरी मिळाला. आता तिथेही मुख्यतः डोकी मोजतात. 2016 ते 2021 या काळात अमेरिकी विद्यापीठांत इंग्रजीखेरीज इतर भाषांचे प्रवेश 16.6 टक्क्यांनी घटले, एकट्या कोरियनचे 38 टक्क्यांनी वाढले. कोरियन कशाने वाढली ते आपल्या वर्गातल्या कुठल्याही मुलीला विचारा, ती गाण्यांची यादी देईल.

मोजल्याशिवाय निर्णय घेतले की काय होतं, त्याचं उदाहरण दूर शोधायला नको. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत परकीय भाषा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय म्हणून सर्रास दिली जाते. एका श्रेयांकाचे 15 तास, दोनाचे 30. पंचेचाळीस मिनिटांची तासिका धरली तर 40 तासिका. जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी संस्था गोएथे इन्स्टिट्यूट म्हणते, ए-वन ही अगदी तळाची पायरी गाठायला 80 ते 200 तासिका लागतात, बी-वनला एकूण 350 ते 650. म्हणजे आपण सत्रभर शिकवून विद्यार्थ्याला फार तर पहिल्या पायरीच्या निम्म्यावर नेऊन सोडतो, तेही सुट्ट्या, युवा महोत्सव आणि परीक्षांची ड्युटी वजा न करता. वर्गात साठ मुलं असतील तर तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला एक मिनिटही येत नाही. जपानीचं तर विचारूच नका. इंग्रजी भाषक परराष्ट्र अधिकाऱ्यांना जपानी शिकवायला अमेरिकेचं परराष्ट्र खातं 2,200 तास धरतं. आणि गुणपत्रकावर मात्र 'जर्मन' किंवा 'जपानी' एवढंच छापलं जातं. कंपनीतला माणूस ते वाचून समजतो की याला जर्मन येतं.

दोन श्रेयांकांना माझा विरोध नाही. भाषेची चव म्हणून तीस तास उत्तम. मग त्याला 'ओळख' म्हणा आणि गुणपत्रकावर तासांचा आकडा छापा. एवढ्याला ना निधी लागतो ना शासन निर्णय.

घरी लिहून आणायच्या निबंधांबद्दलही स्वच्छ बोलायला हवं. 2016 च्या सुमारास फोनवरचं भाषांतर एकदम सुधारलं, आणि 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून माझ्याकडे येणारे निबंध माझ्याहून बरे असतात. परवा एका मुलीने 'माझी आजी' या विषयावर लिहिलेल्या परिच्छेदात दुय्यम वाक्यं अशी काही गुंफली होती की मी तिला विचारलं, आजी कुठे असतात? म्हणाली, "कोणाची?" तुमचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण अजूनही अशा निबंधांवर दिले जातात. शिक्षकांना हे माहीत आहे, विद्यार्थ्यांना माहीत आहे, आणि नियमावलीला माहीत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक भाषेच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना आणि संपवताना, वर्गात बसून, फोन बाहेर ठेवून, एक छोटी चाचणी घ्या. थोडं ऐकून लिहायचं, एक न पाहिलेला उतारा वाचून उत्तरं द्यायची, पाच मिनिटं बोलायचं. उतारा पाठ्यपुस्तकातला नको. भाड्याचा करार, दवाखान्याचं पत्र, रेल्वेची सूचना असलं काहीतरी घ्या. तिचे गुण निकालात धरू नका, म्हणजे गाइडवाले तिच्या वाटेला जाणार नाहीत. चाचणीचा काही भाग दरवर्षी तसाच ठेवा, नाहीतर पुढच्या आणि मागच्या बॅचची तुलना कशी होणार? विद्यार्थ्याची शाळा कोणत्या माध्यमाची, घरी कोणती भाषा, हेही त्या कागदावर असू द्या. माझा सत्तेचाळीसचा संशय मग खरा ठरेल किंवा खोटा. खोटा ठरला तर मी पेढे वाटीन.

आणि हे कागद जपा. उत्तरपत्रिका ठरावीक काळाने नष्ट करायचा नियम मला ठाऊक आहे, जागा नसते हेही ठाऊक आहे. दर बॅचचे पंचवीस-तीस कागद ठेवायला एक कपाट पुरतं. माझं तीस वर्षांचं फडताळ चार फूट उंचीचं आहे.

बैठकीत कुणीतरी म्हणेल, याने काय होणार, जुन्या मुलांच्या चाचण्याच नाहीत तर तुलना कशाशी करणार. त्यांच्यासाठी हे फडताळ खुलं आहे. श्रुतलेखन एकाच शिक्षिकेचं, एकाच शहरातलं, त्यामुळे फार भरवसा ठेवू नका. पण सुरुवातीला काहीतरी हाताशी असावं. विद्यार्थ्यांची नावं मी खोडून देईन. आठ वाक्यांचा मूळ कागदही देईन, घर क्रमांकासकट. मी स्वतःचं ध्वनिमुद्रणही करून ठेवलंय, म्हणजे माझ्या उच्चारांमुळे 74 येतंय का, तेही तपासता येईल.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. आम्ही दोघांनी मिळून उशिराची हरकत लिहिली, पाऊण पान. मजकूर त्याने लिहिला, विशेषणांचे प्रत्यय मी दुरुस्त केले. 'डोख' त्याने दोनदा घातला होता, कार्यालयीन पत्रात तो बसत नाही म्हणून मी काढला, आणि काढताना वाईट वाटलं, कारण दोन्ही जागी तो अगदी बरोबर पडला होता. उत्तर अजून आलेलं नाही.

मंडळापैकी कुणाला कागद बघायचे असतील तर सोमवार ते शुक्रवार दुपारी चारनंतर मी घरी असते. शनिवारी यायचं असेल तर आधी कळवा, सकाळी वर्ग असतो.

कळावे,
आपली नम्र,
एक जर्मन शिक्षिका
पुणे